पाण्यात उतरायला मनाई

लातूर जिल्ह्यातल्या रेणापूरच्या शिवारात पोरांना पोहायला शिकवायची रीत जुनी आहे. तेलाचा पंधरा किलोचा रिकामा पत्र्याचा डबा घ्यायचा, त्याचं तोंड पाणी शिरणार नाही असं पक्कं बंद करायचं आणि सुंभाच्या दोरीनं तो पोराच्या पाठीवर आवळून बांधायचा. डबे मिळायच्या आधी वाळलेला भोपळा असायचा, नाहीतर पांगाऱ्याचा हलका ओंडका. पहिल्या दिवशी पोरगं हिरीची पायरी सोडत नाही. कपारीला धरून बसतं. मग चुलता नाहीतर थोरला भाऊ मागून ढकलतो, नाकातोंडात पाणी जातं, बोंब उठते आणि काठावरची म्हातारी माणसं हसतात. आठवड्याभरात डबा सुटतो. महिन्याभरात तेच पोरगं थारोळ्यावरून मुटका मारतं आणि घरून बोलावणं आलं तरी वर येत नाही.

हे सगळं अर्थात हिरीला पाणी असेल त्या वर्षी. लातूरकरांना पाण्याचा हिशेब कुणी शिकवायला नको. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून ‘जलदूत’ गाडी पहिल्यांदा लातूरला आली तेव्हा तिला दहा वाघिणी होत्या आणि त्यांत पाच लाख लिटर पाणी. पुढं पन्नास वाघिणींची गाडी येऊ लागली, खेपेला साधारण पंचवीस लाख लिटर. ऑलिंपिकच्या शर्यतीचा तलाव पन्नास मीटर लांब, पंचवीस मीटर रुंद आणि कमीत कमी दोन मीटर खोल असतो. गुणाकार करून बघा, तेही पंचवीस लाख लिटरच भरतात. ज्या गाडीची आख्खं शहर वाट बघत होतं, ती पुरती रिकामी केली तर शर्यतीचा एक तलाव भरेल. रेणापूरच्या पोरांतून ऑलिंपिकचा जलतरणपटू का निघाला नाही, असं कुणी विचारलं तर एवढं गणित पुढं करावं.

मग इथं बसून आल्फ्रेड नाकाश नावाच्या एका ज्यू जलतरणपटूची कहाणी कशाला सांगायची? दोन कारणं आहेत. एक म्हणजे, कुठल्याही कोचाच्या आधी त्याला भेटली ती पाण्याची भीतीच, आपल्या हिरीवरच्या पोरांसारखी. दुसरं कारण महत्त्वाचं. त्याच्या आयुष्यात ज्या प्रश्नावरून सगळं उलटंपालटं झालं, तो प्रश्न महाराष्ट्राला चांगला ओळखीचा आहे. पाण्यात कुणी उतरायचं आणि कुणी नाही, हे ठरवणार कोण?

नाकाशचा जन्म १८ नोव्हेंबर १९१५ चा, अल्जेरियातल्या कॉन्स्टन्टाईन शहरातला. हे शहर एका खोल दरीच्या काठावर वसलं आहे, दरीवर पूल आहेत आणि खाली रूमेल नदी. अल्जेरिया तेव्हा फ्रान्सच्या ताब्यात होता. तिथल्या ज्यूंना १८७० च्या क्रेमिये हुकूमनाम्यानं फ्रेंच नागरिकत्व मिळालं होतं, त्यामुळं नाकाश जन्मानं फ्रेंच नागरिक. लहानपणी तो पाण्याला घाबरायचा. दरीतल्या सिदी म्सिदच्या तलावावर ती भीती गेली आणि गेली ती कायमचीच. अठरा वर्षांचा होईपर्यंत तो पॅरिसला शिकायला पोचला होता आणि फ्रान्समधल्या भल्याभल्यांना पाण्यात मागं टाकत होता. १९३५ साली तेल अवीवमध्ये जगभरच्या ज्यू खेळाडूंची मक्काबिया स्पर्धा भरली, तिथं शंभर मीटर फ्रीस्टाईलमध्ये त्यानं रौप्यपदक मिळवलं.

त्याची शैली देखणी नव्हती, असं जाणकार म्हणत. खांदे रुंद, छाती भरदार, आणि पाणी कापण्यापेक्षा पाण्याला भिडण्याकडं कल. हा रांगडेपणा ब्रेस्टस्ट्रोकमध्ये त्याच्या कामी आला. त्या काळी बटरफ्लाय हा वेगळा प्रकार नव्हता. ब्रेस्टस्ट्रोकच्या शर्यतीतच पाय बेडकासारखे मारून हात पाण्याबाहेरून पुढं टाकायची मुभा होती. त्याला खांद्यांत प्रचंड जोर लागतो. दोन्ही प्रकार नियमानं वेगळे झाले ते १९५२ नंतर. नाकाशच्या खांद्यांना मधली ती मोकळीक चांगलीच मानवली.

१९३६ चं बर्लिन ऑलिंपिक आलं. यजमान हिटलर. वीस वर्षांचा हा ज्यू मुलगा फ्रान्सच्या चार गुणिले दोनशे मीटर फ्रीस्टाईल रिलेत पोहला. जपान, अमेरिका, हंगेरी आणि चौथा फ्रान्स. पाचवा जर्मनी. पदक नाही मिळालं, पण बर्लिनच्या तलावात जर्मनीच्या पुढं भिंतीला हात लागला.

त्याच बर्लिनला जायला तीन मुलींनी नकार दिला होता. व्हिएन्नाच्या हाकोआ क्लबच्या या मुली. इतर क्लब ज्यूंना घेत नव्हते म्हणून १९०९ साली ज्यूंनीच काढलेला हा क्लब, आणि १९३० च्या दशकात ऑस्ट्रियाच्या मुलींच्या पोहण्यावर त्याचंच राज्य होतं. युडिथ डॉइच, रूथ लांगर, लुसी गोल्डनर. ऑलिंपिकसाठी निवड झालेली असताना तिघींनी कळवलं की ज्या देशात ज्यूंचे हे हाल चालले आहेत तिथं आम्ही पोहणार नाही. ऑस्ट्रियाच्या जलतरण संघटनेनं त्यांच्यावर बंदी घातली, त्यांचे विक्रम पुस्तकातून खोडले. ते परत लिहायला १९९५ साल उजाडावं लागलं.

जाणं बरोबर की न जाणं, यावर वाद घालता येईल. नाकाशनं जाऊन जर्मनीच्या संघाला हरवलं, याचं मोल आहेच. पण मला विचाराल तर डॉइचचा नकार मोठा. अठराव्या वर्षी ऑलिंपिक नाकारायचं म्हणजे जिच्यासाठी लहानपणापासून पहाटे उठलो ती एकमेव गोष्ट आपल्याच हातानं सोडून द्यायची. पुन्हा संधी येत नाही, आणि तिच्या बाबतीत आलीही नाही.

खेळ तर पुष्कळ आहेत. मग पोहण्यावरच ज्यूद्वेष एवढा का तुटून पडला? जर्मनीत सार्वजनिक तलावांवर आणि स्नानगृहांवर ज्यूंना मनाईच्या पाट्या लागू लागल्या त्या १९३० च्या दशकाच्या सुरुवातीपासूनच. फुटबॉलच्या मैदानात दोन माणसं अंतर राखून उभी राहू शकतात, पाण्यात ती सोय नाही. माझ्या अंगाला लागलेलं पाणी तुमच्या अंगाला लागतं. नाझींच्या मनात जे होतं त्याला जर्मन विद्वानांनी वंशशुद्धी वगैरे मोठमोठी नावं दिली. आपल्याकडं त्याला विटाळ म्हणतात.

इथं रायगड जिल्ह्याकडं, म्हणजे जुन्या कुलाब्याकडं, जरा वळावं लागतं. बेने इस्रायल समाजाची परंपरा सांगते की, त्यांच्या पूर्वजांचं जहाज अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यापाशी फुटलं, सात जोडपी तेवढी काठाला लागली आणि त्यांच्यापासून हा समाज वाढला. पाण्यातून वाचलेली ही माणसं. ती तेलाचे घाणे चालवू लागली, शनिवारी घाणा बंद ठेवायची म्हणून शनवार तेली म्हणून ओळखली जाऊ लागली, मराठी बोलू लागली, चेऊलकर, केहीमकर, पेणकर, रोहेकर अशी गावावरून आडनावं लावू लागली. त्यांच्यातले डॉ. ई. मोझेस मुंबईचे महापौर झाले, महालक्ष्मीजवळचा रस्ता त्यांच्या नावाचा आहे. ज्यूदा रुबेन कसोटी क्रिकेटचे पंच होते. सिनेमातले डेव्हिड, म्हणजे डेव्हिड अब्राहम चेऊलकर, तर घराघरांत ठाऊक. युरोपात ज्यूंच्या वाट्याला आलं त्यातलं काहीच या किनाऱ्यावर घडलं नाही, याचा अभिमान मराठी माणूस भाषणातून बोलून दाखवतो आणि त्यात खोटं काही नाही.

फक्त त्याच कुलाबा जिल्ह्यात महाड आहे. जहाज फुटून आलेल्या परक्यांना ज्या मुलखानं ठेवून घेतलं, त्याच मुलखानं आपल्याच गावच्या माणसांना तळ्याचं पाणी शिवू दिलं नाही. सार्वजनिक पाणवठे सगळ्यांना खुले करण्याचा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात १९२३ सालीच मंजूर झाला होता, महाडच्या नगरपालिकेनंही तळं खुलं केल्याचा ठराव केला होता. कागद होते, पाणी नव्हतं. २० मार्च १९२७ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो माणसांसह चवदार तळ्यावर गेले आणि पाणी प्यायले. त्यानंतर सभेला आलेल्यांना मारहाण झाली आणि पुढं तळ्यात पंचगव्याच्या एकशे आठ घागरी ओतून ते ‘शुद्ध’ करण्यात आलं. खटला उच्च न्यायालयापर्यंत गेला, तो निकाली निघाला १९३७ मध्ये. म्हणजे नाकाश बर्लिनमध्ये पोहला त्या उन्हाळ्यात महाडचा खटला अजून चालूच होता. युरोपातल्या तलावांच्या पाट्या वाचून आपण चुकचुकतो तेव्हा हे साल लक्षात असलेलं बरं.

नाकाशकडं येऊ. १९४० च्या जूनमध्ये फ्रान्स पडला. व्हिशीत बसलेल्या नव्या सरकारनं ऑक्टोबरमध्ये क्रेमिये हुकूमनामा रद्द केला. एका सहीनं अल्जेरियाच्या ज्यूंचं नागरिकत्व गेलं, नाकाशचंही. तो व्यायामशिक्षक होता, ती नोकरीही गेली. बायको पॉल, तीही व्यायामशिक्षिका. दोघं दक्षिणेला तुलूझला आली. तिथल्या ‘डॉल्फिन’ क्लबचे प्रशिक्षक आल्बां मिनव्हिल यांनी त्याला जवळ केलं. आणि नागरिकत्व काढून घेतलेल्या या माणसानं ६ जुलै १९४१ ला मार्सेयमध्ये दोनशे मीटर ब्रेस्टस्ट्रोकचा जागतिक विक्रम केला, दोन मिनिटं ३६.८ सेकंद. विक्रमाच्या पुस्तकात नावापुढं देश लिहिला गेला फ्रान्स. पुढच्याच महिन्यात मुलगी झाली, ॲनी.

ज्यूविरोधी वर्तमानपत्रं त्याच्यामागं हात धुऊन लागली. १९४३ ची राष्ट्रीय स्पर्धा नेमकी तुलूझमध्येच होती आणि त्याला भाग घ्यायला मनाई झाली. तेव्हा त्याच्या क्लबच्या पोरांनी स्पर्धेतून अंग काढून घेतलं. घरचा तलाव, घरचे प्रेक्षक, पदकं समोर, आणि सोबत्याला उतरू देत नाहीत म्हणून कुणीच उतरत नाही. त्या पोरांची नावं फारशी कुणाला ठाऊक नाहीत. या कहाणीत मला नाकाशच्या खालोखाल कुणाचं कौतुक वाटत असेल तर या पोरांचं.

१९४३ च्या अखेरीस नाकाश, पॉल आणि ॲनी या तिघांना अटक झाली. कुणी चुगली केली यावर फ्रान्समध्ये बरंच लिहिलं गेलं, त्याचा जुना प्रतिस्पर्धी जाक कार्तोने याचं नावही घेतलं गेलं. कार्तोने पुढं नाझींच्या बाजूला गेला होता हे खरं, पण चुगलीचा पुरावा मिळाला नाही. ड्रान्सीच्या छावणीतून २० जानेवारी १९४४ ला गाडी सुटली. ती आउशविट्झला पोचल्यावर पॉल आणि ॲनीला वेगळं काढलं गेलं. ॲनी अडीच वर्षांची होती. नाकाश धडधाकट होता म्हणून कामाला राहिला. हातावर क्रमांक गोंदला गेला, १७२७६३.

आउशविट्झच्याच मोनोवित्झ छावणीत त्याला दवाखान्यात काम मिळालं, प्राध्यापक रोबेर वेट्झ या कैदी डॉक्टरच्या हाताखाली. त्यामुळं तो जगला असं म्हणता येईल. तिथं आग विझवायच्या पाण्याचा मोठा हौद होता. पहारेकऱ्यांना कळलं की हा जगज्जेता पोहणारा आहे. मग त्यांनी खेळ काढला. हौदात खंजीर टाकायचा आणि नाकाशनं बुडी मारून तो तळातून दातांत धरून वर आणायचा. गार, गढूळ पाणी, वर काठावर बंदुका घेऊन हसणारी माणसं. पुन्हा टाकायचा, पुन्हा आणायचा. कुत्र्याला काठी आणायला लावतात तसं. ज्यानं दोन मिनिटं ३६.८ सेकंदांत दोनशे मीटर कापले होते त्याच्या अंगातली विद्याच त्याच्या अपमानासाठी वापरायची, हा त्यातला खरा विखार.

आणि तरी १९४४ च्या उन्हाळ्यात, पहाऱ्याचा डोळा चुकवून, नाकाश एखाद्या सोबत्याला घेऊन त्याच हौदात स्वतःसाठी उतरला. काही हात मारले. धरला गेला असता तर गोळी होती. छावणीतल्या वाचलेल्यांनी ही गोष्ट पुढं पुन्हा पुन्हा सांगितली. मला वाटतं, त्याच्या सगळ्या शर्यतींमध्ये वेळ न नोंदलेली ही एकच, आणि तीच पहिली मोजावी.

जानेवारी १९४५ मध्ये रशियन फौजा जवळ आल्या, नाझींनी कैद्यांना बर्फातून पश्चिमेला हाकललं. ट्युनिशियाचा ज्यू बॉक्सर व्हिक्टर ‘यंग’ पेरेझ, फ्लायवेटचा एकेकाळचा जगज्जेता, त्या वाटेवर मारला गेला. नाकाश बुखेनवाल्डला पोचला. ११ एप्रिलला ती छावणी सुटली. तो तुलूझला परतला तेव्हा हाडांचा सापळा झाला होता. तुलूझनं त्याला मेला असं धरून शहरातल्या तलावाला त्याचं नावही देऊन टाकलं होतं. स्वतःच्या नावाच्या तलावात तो पोहायला उतरला. बायको आणि मुलीची वाट त्यानं पाहिली. दोघी आल्या नाहीत.

पुढचं मी भरभर सांगतो, कारण आकडेच पुरेसे आहेत. छावणी सुटल्यानंतर दीड वर्ष होण्याआधी, ऑगस्ट १९४६ मध्ये, जॉर्ज व्हालरे, नाकाश आणि ॲलेक्स जानी या तिघांनी तीन गुणिले शंभर मीटर मिडले रिलेचा जागतिक विक्रम केला. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये तो दोनशे मीटर ब्रेस्टस्ट्रोकच्या उपांत्य फेरीपर्यंत गेला, फ्रान्सच्या वॉटरपोलो संघातूनही खेळला. वय बत्तीस. नाझी छावणीतून वाचून पुढं ऑलिंपिकमध्ये उतरलेल्या ज्यू खेळाडूंत त्याच्या जोडीला पोलंडमध्ये जन्मलेल्या, ब्रिटनच्या वेटलिफ्टर बेन हेल्फगॉटचं नाव घेतात.

त्या लंडनमध्ये स्वतंत्र भारताचा वॉटरपोलो संघही होता. संघात सचिन नाग होते, आयझॅक मन्सूर होते. १९५१ च्या दिल्ली आशियाई स्पर्धेत या दोघांचा समावेश असलेल्या संघानं वॉटरपोलोचं सुवर्ण जिंकलं, आणि नागांनी शंभर मीटर फ्रीस्टाईलचंही. लंडनला ही माणसं पोहत होती त्या ऑगस्टात आपला मराठवाडा मात्र अजून भारतात नव्हता. रझाकारांचा धुमाकूळ चालला होता. मराठवाडा मुक्त झाला त्या सतरा सप्टेंबरला अजून महिना होता.

निवृत्त झाल्यावर नाकाशनं पुन्हा लग्न केलं, मुलांना शिकवलं, काही काळ रियुनियन बेटावरही. म्हातारपणी भूमध्य समुद्राच्या काठाला राहिला. ४ ऑगस्ट १९८३ ला स्पेनच्या सीमेजवळच्या सर्बेर बंदरात, रोजच्यासारखा पोहत असताना तो गेला. आंतरराष्ट्रीय जलतरण गौरवगृहात त्याचं नाव दाखल झालं ते २०१९ मध्ये.

ज्यू जलतरणपटू म्हटलं की जगाला मार्क स्पिट्झ आठवतो, आणि त्यात गैर काही नाही. १९६५ साली, पंधराव्या वर्षी, त्याची पहिली आंतरराष्ट्रीय स्पर्धा मक्काबियाच. १९६८ ला मेक्सिकोत सहा सुवर्णांच्या बढाया मारून तो दोन रिले सुवर्णांवर आला, दोनशे मीटर बटरफ्लायच्या अंतिम फेरीत तर शेवटचा. चार वर्षांनी म्युनिकमध्ये सात शर्यती, सात सुवर्ण, सातही जागतिक विक्रम. शेवटचं पदक ४ सप्टेंबर १९७२ चं. पाच तारखेच्या पहाटे ‘ब्लॅक सप्टेंबर’चे बंदूकधारी इस्रायली खेळाडूंच्या खोल्यांत शिरले. अकरा जण मारले गेले. स्पिट्झला पहाऱ्यात म्युनिकबाहेर काढावं लागलं. बाविसाव्या वर्षी त्याची कारकीर्द संपली.

त्याच देशात, त्याच वर्षीच्या ऑगस्टात, हायडेलबर्गला पॅरालिंपिक भरलं होतं. सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर पन्नास मीटर फ्रीस्टाईलला उतरले. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखालचं शरीर निकामी झालेला हा जवान, नौदलाच्या रुग्णालयात उपचार म्हणून पोहायला शिकलेला. ३७.३३ सेकंद, जागतिक विक्रम, आणि पॅरालिंपिकमधलं भारताचं पहिलं सुवर्ण. चार वर्षांपूर्वी हेच पेटकर टेबल टेनिस खेळायला तेल अवीवला जाऊन आले होते. पद्मश्री मिळायला २०१८ उजाडलं, सिनेमा निघायला २०२४. स्पिट्झची पोस्टर्स १९७२ मध्येच खपली. आपल्याकडच्या उशिराचं खापर ज्यू-बिगरज्यू कशावरही फोडता येत नाही, ते आपलंच.

रेणापूर तालुक्यात पावसाळा बरा झाला की हिरी भरतात, रेणा प्रकल्पात पाणी दिसतं आणि मे महिन्यात पोरं पाण्याकडं धावतात. आता जुन्या हिरींपेक्षा शेततळी जास्त. प्लॅस्टिकचा कागद अंथरलेल्या या तळ्यांना ना पायरी ना कपार, पाय घसरला की वर येता येत नाही. दरवर्षी कुठून ना कुठून पोरं बुडाल्याची बातमी येते. पोरी तर पाण्याजवळ फिरकत नाहीत, त्यांना फिरकू देत नाहीत. आणि अमक्याच्या हिरीत तमक्याच्या पोरानं उतरायचं नाही, हा अलिखित कायदा पुष्कळ ठिकाणी अजून पाळला जातो. सगळ्यांना ठाऊक असतो, कुणी बोलत नाही.

म्हणून ज्यांच्या हिरीला येत्या उन्हाळ्यात पाणी असेल त्यांना एवढंच सांगणं आहे. शेततळ्यात एक जाड गाठीचा दोर सोडून ठेवा. हिरीवर एक पक्का बंद केलेला डबा आणि एक पोहणारं माणूस ठेवा. गल्लीतलं जे पोरगं येईल, जी पोरगी येईल, तिला शिकवा. आडनाव विचारू नका.